अनुदान मंजूर झालं, फाइल तुमच्या टेबलावर आली: प्रकल्पाचा पैसा पहिल्यांदाच सांभाळणाऱ्यांसाठी

मंजुरीचं पत्र येतं, सगळे एकमेकांचं अभिनंदन करतात आणि संध्याकाळी सचिव तुमच्याकडे फाइल सरकवत म्हणतात, "आता हे तुम्ही बघा." 'हे' म्हणजे नेमकं काय, ते कोणी सांगत नाही. मलाही सांगितलं नव्हतं. मी समाजकार्याची पदवी घेऊन आले होते, ताळेबंद म्हटलं की पोटात गोळा यायचा. पहिल्या वर्षाच्या शेवटी देणगीदाराच्या लेखापरीक्षकाने माझ्या प्रकल्पातला ३६,००० रुपयांचा खर्च अमान्य केला आणि तो संस्थेला स्वतःच्या तिजोरीतून भरावा लागला. पैसे कोणी खाल्ले नव्हते. कामही झालं होतं. कागद नव्हता.

देखरेख म्हणजे मार्चमध्ये बिलं गोळा करणं, हा समज आधी डोक्यातून काढा. झालेलं काम आणि गेलेला पैसा दर महिन्याला शेजारी शेजारी मांडून बघायचा असतो. खालच्या बहुतेक पायऱ्या त्यासाठीच आहेत.

१. पैसा कोणत्या दारातून आला ते ओळखा

बँकेत जमा झाल्यावर सगळा पैसा सारखाच दिसतो, पण त्याचे नियम त्याच्यासोबत येतात.

सीएसआर (कंपन्यांचं सामाजिक उत्तरदायित्व) निधी: कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३५ खाली येणाऱ्या कंपन्यांना मागच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक कामावर खर्च करावी लागते. १ एप्रिल २०२१ पासून हे काम राबवणाऱ्या संस्थेकडे सीएसआर-१ नोंदणी क्रमांक लागतो. इथे एक गैरसमज इतका पसरलाय की कंपन्यांची माणसंसुद्धा तो ठामपणे सांगतात: "प्रशासकीय खर्च ५ टक्क्यांच्या वर चालत नाही." नियमातली ती ५ टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या स्वतःच्या सीएसआर कारभारावरच्या खर्चाला आहे. प्रकल्प राबवायला आणि त्यावर लक्ष ठेवायला थेट लागणारा खर्च त्यात धरत नाहीत. कंपनी करारात स्वतःची वेगळी मर्यादा घालू शकते आणि घातली तर ती पाळावीच लागते. पण बोलणी चालू असताना "कायदाच तसा आहे" असं कोणी म्हणालं, तर लगेच मान डोलवू नका.

परदेशी निधी: इथे एफसीआरए, म्हणजे विदेशी अंशदान नियमन कायदा २०१०, आणि त्यातली २०२० ची दुरुस्ती. पैसा आधी स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या नियुक्त खात्यातच यायला हवा. तिथून तो तुमच्या जवळच्या बँकेतल्या वापराच्या खात्यात वळवता येतो. प्रशासकीय खर्चाची कमाल मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली आहे. हा पैसा दुसऱ्या संस्थेला पुढे देता येत नाही, तिच्याकडे एफसीआरए नोंदणी असली तरीही. एफसी-४ हे वार्षिक विवरणपत्र ३१ डिसेंबरपर्यंत भरायचं असतं. देशी आणि परदेशी पैसा एकाच खात्यात मिसळला तर तो कायद्याचा भंग होतो, 'नजरचुकीने झालं' म्हणून सुटका नाही. आणखी एक बारकावा: परदेशात राहणारा पण भारतीय नागरिक असलेला माणूस स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देणगी देतो, ती विदेशी अंशदानात मोडत नाही. मात्र त्याने तिथलं नागरिकत्व घेतलं असेल तर मोडते. म्हणून देणगी घेताना पत्ता नाही, पासपोर्ट विचारायचा.

सरकारी अनुदान: केंद्राचं असेल तर सामान्य वित्तीय नियम २०१७ लागतात आणि उपयोगिता प्रमाणपत्र (पैसा ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला) नमुना १२-अ मध्ये द्यावं लागतं. हिशेबाची वह्या-पुस्तकं मंजुरी देणाऱ्या खात्याला आणि महालेखापरीक्षकांनाही तपासता येतात. राज्य सरकारचं असेल तर त्या योजनेचा शासन निर्णय मिळवा आणि सोबतची परिशिष्टं आधी वाचा. खरी मेख बहुधा परिशिष्टातच असते.

२. करार हातात पेन घेऊन वाचा

करार बहुतेक वेळा संस्थेचे अध्यक्ष सही करताना वाचतात, तेही घाईत. पैसा सांभाळणाऱ्याने तो निवांत वाचायला हवा. मी पहिल्या पानाला एक कोरा कागद लावते आणि त्यावर या गोष्टी उतरवून घेते:

- प्रकल्पाची सुरुवातीची आणि शेवटची तारीख
- खर्चाची शीर्षं (मानधन, प्रवास, साहित्य असे बजेटमधले गट) आणि एका शीर्षातून दुसऱ्यात किती टक्के रक्कम विनापरवानगी हलवता येते
- हप्ते किती आणि पुढचा हप्ता कशावर अवलंबून
- व्याजाचं काय करायचं
- खरेदीची पद्धत: किती रकमेपर्यंत थेट, कितीच्या वर तीन कोटेशनं
- वस्तू प्रकल्पानंतर कोणाच्या
- अहवालांच्या तारखा
- अखर्चित रकमेचं काय

पहिली ओळ साधी वाटते, पण सगळ्यात जास्त माणसं तिथेच अडकतात. करार १ जुलैपासून सुरू आणि उत्साहाने भाड्याचं डिपॉझिट दिलं २० जूनला, तर तो खर्च प्रकल्पाचा नाही. तसंच ३१ मार्चला प्रकल्प संपला आणि बिल ४ एप्रिलचं असेल, तर काम मार्चमध्ये झाल्याचा पुरावा जोडूनही वाद होतो.

काही संदिग्ध वाटलं तर ईमेलने विचारा. फोनवर "हो हो, चालेल" म्हणणारा अधिकारी सहा महिन्यांनी बदलून जातो. फोनवरच उत्तर मिळालं असेल तर त्याच दिवशी "आज आपलं जे बोलणं झालं त्याप्रमाणे..." असा दोन ओळींचा ईमेल टाका.

३. बजेट पुन्हा एकदा मांडा, या वेळी महिन्यांत

प्रस्तावातलं बजेट पैसे मिळवण्यासाठी केलेलं असतं. वापरण्यासाठी ते बारा रकान्यांत फोडावं लागतं: कोणत्या महिन्यात कोणतं काम आणि त्याला किती. हे प्रकल्प समन्वयकाला शेजारी बसवून करा. एकट्याने केलंत तर जुलैच्या भर पावसात गावोगाव मेळावे दाखवाल आणि पेरणीच्या दिवसांत महिलांची प्रशिक्षणं.

फोडताना दोन सापळे हमखास सापडतात. एक, जीएसटी. प्रस्ताव लिहिताना कोणीतरी दुकानदाराला फोन करून लॅपटॉपची किंमत विचारलेली असते, तो कराशिवायची सांगतो. बिल येतं १८ टक्के चढवून. आपल्यासारख्या बहुतेक संस्थांना त्या कराचा परतावा मिळत नाही, म्हणजे तो खर्चच.

दुसरा सापळा माणसांचा. एकच कार्यकर्ता दोन प्रकल्पांत दाखवलेला असतो, एकात ६० टक्के वेळ, दुसऱ्यात ६० टक्के. बेरीज १२०. वेगवेगळ्या वर्षी वेगवेगळ्या माणसांनी प्रस्ताव लिहिले की हे होतंच. सगळ्या चालू प्रकल्पांतली नावं एका कागदावर घ्या, प्रत्येकापुढे टक्के लिहा आणि बेरीज करा. शंभराच्या वर गेलेलं नाव दिसलं तर आजच संस्थेत सांगा. लेखापरीक्षकाने दोन्ही फाइली एकत्र मागितल्या तर ते चुकीपेक्षा दुहेरी वसुलीसारखं दिसतं.

४. खातं, टॅली आणि सह्या

करारात स्वतंत्र बँक खातं मागितलं असेल तर उघडाच. नसेल मागितलं तरी टॅलीमध्ये (हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये) प्रत्येक प्रकल्पाचं वेगळं कॉस्ट सेंटर, म्हणजे खर्चाचा वेगळा कप्पा, हवं आणि त्यातली शीर्षं मंजूर बजेटच्या शीर्षांशी शब्दशः जुळलेली हवीत. नाहीतर तिमाही अहवालाच्या वेळी 'प्रवास' आणि 'वाहनखर्च' यांची वाटणी आठवणीवर करावी लागते.

व्याजाची नोंद वेगळी ठेवा. केंद्राच्या अनुदानावरचं व्याज सरकारजमा करायचं असतं. सीएसआर प्रकल्पातून काही वाढावा निघाला तर तो त्याच प्रकल्पात लावणे हा नियमांनी दिलेला एक मार्ग आहे. दोन्हीकडे ते संस्थेचं उत्पन्न मात्र नाही.

खरेदी ठरवणारा, बिल मंजूर करणारा आणि चेकवर सही करणारा अशी शक्य तितकी वेगळी माणसं असू द्या. चार जणांच्या संस्थेत हे जमत नाही, ठाऊक आहे. मग निदान एक विश्वस्त महिन्यातून एकदा येऊन बँकेचं स्टेटमेंट आणि व्हाउचरं ताडून बघेल, असा ठराव कार्यकारिणीत करून घ्या.

५. व्हाउचर त्याच आठवड्यात पूर्ण करा

माझे ३६,००० रुपये इथेच गेले होते. बचत गटांच्या चार प्रशिक्षणांचा खर्च, प्रत्येकी ९,०००. मंडप, नाश्ता, प्रशिक्षकाचं मानधन. बिलं होती. पण हजेरीपट दोन ठिकाणी नव्हते आणि जे दोन होते ते लेखापरीक्षकाने खिडकीच्या उजेडात धरून बघितले. अडतीस सह्या, एकाच निळ्या पेनाच्या, एकाच तिरक्या वळणाच्या. त्यांनी कागद माझ्याकडे फिरवला आणि विचारलं, "ताई, या बायका सगळ्या एकाच शाळेत शिकल्या का?" कार्यकर्त्याने हजेरीपट भिजला म्हणून घरी बसून नवा लिहून काढला होता. बायका खरंच आल्या होत्या, फोटोत दिसत होत्या. पण बनावट कागद एकदा सापडला की खऱ्या कागदावरही विश्वास राहत नाही. चारही प्रशिक्षणांचा खर्च कापला गेला.

तेव्हापासून आमच्याकडे नियम एकच: भिजलेला हजेरीपट वाळवून, चुरगळलेला असला तरी तोच लावायचा.

एका प्रशिक्षणाच्या व्हाउचरला काय काय जोडलेलं हवं:

- कार्यक्रमाचं परिपत्रक किंवा निमंत्रण, तारखेसह
- मूळ हजेरीपट: नाव, गाव, सही किंवा अंगठा
- नाश्ता-जेवणाचं बिल, त्यावर किती माणसांचं ते लिहिलेलं
- प्रशिक्षकाचं संमतिपत्र, पॅन आणि मानधनाची पावती
- दोन-तीन फोटो आणि अर्ध्या पानाचा वृत्तांत

हे कागद एकमेकांशी जुळतात का ते बघणं तुमचं काम. हजेरी ३८ आणि नाश्त्याच्या प्लेटा ५२ असतील, तर चौदा प्लेटा कोणी खाल्ल्या? उत्तर साधं असू शकतं: अंगणवाडी ताई, लहान मुलं, गाडीचा चालक. ते त्याच दिवशी बिलाच्या मागे लिहून सही घ्या. वर्षभराने ते कोणालाही आठवत नाही.

रोखीचं भान ठेवा. एका माणसाला एका दिवसात १०,००० रुपयांच्या वर रोख दिली, तर आयकराच्या हिशेबात ती रक्कम धर्मादाय कामावरचा खर्च म्हणून धरली जात नाही. पाच-पाच हजारांची दोन व्हाउचरं आणि वर एक तिसरं, अशी युक्ती करू नका. मोजणी माणूस आणि दिवस यांची होते. कंत्राटदार आणि प्रशिक्षक यांच्या बिलातून टीडीएस (आपण कापून सरकारला भरायचा आयकर) कापायचा असेल तर पैसे देतानाच कापा आणि पुढच्या महिन्याच्या ७ तारखेपर्यंत भरा. उशिराचं व्याज आणि दंड कुठल्याही देणगीदाराच्या बजेटमध्ये बसत नाही.

कार्यकर्त्यांना दिलेली आगाऊ रक्कम हा तर वेगळाच विषय. जुन्या आगाऊ रकमेचा हिशेब आल्याशिवाय नवीन द्यायची नाही, हे पहिल्या महिन्यापासून पाळा. सुरुवातीला शिव्या खाव्या लागतात.

६. महिन्याची बैठक: बेरजेवर जाऊ नका

दर महिन्याच्या १० तारखेच्या आत समन्वयक आणि तुम्ही, दोघांनी अर्धा तास बसा. समजा बारा महिन्यांचा, १२ लाखांचा प्रकल्प आहे आणि सहा महिने झालेत:

- मानधन: मंजूर ४,८०,०००, खर्च २,४०,०००
- प्रशिक्षण: मंजूर ३,००,०००, खर्च ६०,०००
- प्रवास: मंजूर १,२०,०००, खर्च ९६,०००
- साहित्य: मंजूर १,८०,०००, खर्च १,५३,०००
- प्रशासन: मंजूर १,२०,०००, खर्च ५१,०००

एकूण खर्च ६,००,०००. निम्मा काळ, निम्मा पैसा. कार्यकारिणीत हा आकडा वाचून दाखवला तर सगळे समाधानाने पुढच्या विषयाकडे वळतील. पण आत बघा. प्रशिक्षणावर फक्त २० टक्के गेले आणि प्रवासावर ८० टक्के. माणसं फिरतायत, पण ज्यासाठी फिरायचं ती प्रशिक्षणं होत नाहीत. साहित्याचे ८५ टक्के एकदम खरेदी केल्याचे असतील, तर ते ठीक. मात्र ते साहित्य वाटलं गेलंय की कार्यालयाच्या माळ्यावर आहे, ते साठा नोंदवहीत बघा.

प्रश्न आता हिशेबाचा राहिला नाही, कामाचा झाला. समन्वयकाला विचारा: प्रशिक्षणं का अडली? जागा मिळत नाही, प्रशिक्षक सोडून गेला, की गावातली वेळ चुकतेय? उत्तर मिळालं की तिथेच ठरवा: उरलेली प्रशिक्षणं कोणत्या महिन्यांत, आणि प्रवासाच्या शीर्षात पैसे वळवायची परवानगी लागणार का. लागणार असेल तर पत्र सातव्या महिन्यात जायला हवं. अकराव्या महिन्यात मागितलेली परवानगी ही झाकपाक वाटते, आणि बहुधा असतेच.

या बैठकीचं टिपण ठेवा, चार ओळींचं का होईना. माझ्या अनुभवात लेखापरीक्षक जेवढा या वहीवर खूश होतो तेवढा रंगीत अहवालावर होत नाही.

७. गावात जा, पण यादी घेऊन

तीन महिन्यांतून एकदा तरी हिशेब बघणाऱ्याने प्रकल्पाच्या जागी जावं. आधी पाच व्हाउचरं निवडा आणि त्यांतल्या माणसांना, वस्तूंना प्रत्यक्ष भेटा. पाण्याची टाकी घेतली ना, मग ती कुठे बसवली? चालू आहे? शिलाई मशीनवर संस्थेचा क्रमांक रंगवलाय, की दहा मशीनांतली तीन कोणाच्या घरी गेली? वस्तूंच्या नोंदवहीत क्रमांक, जागा आणि स्थिती तिथल्या तिथे लिहा.

आणि कार्यकर्त्यांना पोलिसासारखे प्रश्न विचारू नका. ते उन्हातान्हात फिरतात, तुम्ही पंख्याखाली बसता, हे त्यांच्या मनात असतंच. "हजेरीपट भरताना काय अडचण येते?" असं विचारलं की बरंच कळतं. आमच्याकडे त्यातूनच कळलं की अंगठ्यासाठी शाईचा पॅड कोणाजवळच नव्हता.

८. पुढचा हप्ता मागताना

मागणीपत्रासोबत खर्चाचा तक्ता, कामाचा अहवाल आणि बहुतेक वेळा सी.ए.च्या सहीचं उपयोगिता प्रमाणपत्र लागतं. सी.ए.ला कागद आठवडाभर आधी द्या. मार्चअखेर आणि सप्टेंबरच्या आसपास त्यांची गर्दी असते.

प्रमाणपत्रात फक्त झालेला खर्च येतो. दिलेली आगाऊ रक्कम, मागवलेली पण न आलेली वस्तू, पुढच्या महिन्याचे पगार यांतलं काहीही खर्च नव्हे. हप्ता लवकर यावा म्हणून "दाखवून टाकू, नंतर करू" असं कोणी सुचवलं तर नाही म्हणा, मग ते सुचवणारे अध्यक्ष का असेनात. सही करणारा त्यात अडकतोच, पण तक्ता बनवणाराही सुटत नाही.

अहवालातला आणि तक्त्यातला आकडा एकच हवा. अहवालात 'बारा प्रशिक्षणं' आणि व्हाउचरं नऊ, असं असेल तर उरलेली तीन कोणाच्या खर्चाने झाली ते लिहा. ग्रामपंचायतीने जागा आणि चहापाणी दिलं असेल तर ते सांगण्यात कमीपणा नाही.

९. प्रकल्प बंद करताना

शेवटच्या तारखेच्या दोन महिने आधी देणी-घेणी यांची यादी करा: कोणाचं बिल बाकी, कोणाकडे आगाऊ रक्कम अडकलीय, भाड्याचं डिपॉझिट परत आलं का. पैसा उरणार असं दिसलं तर मुदतवाढ आत्ताच मागा. शेवटच्या पंधरवड्यात प्रिंटर आणि खुर्च्यांची खरेदी करून रक्कम संपवणं ही जुनी सवय आहे, आणि लेखापरीक्षक ती तारखांवरूनच ओळखतात.

अंतिम हिशेबानंतर शिल्लक राहिली, अगदी ४,३१२ रुपये, तरी करारानुसार परत पाठवा किंवा वापरण्याची लेखी परवानगी घ्या. परत पाठवलेत तर बँकेचा व्यवहार क्रमांक फाइलला लावा. मूळ कागद करारात दिलेल्या मुदतीपर्यंत, उंदीर आणि ओल यांपासून लांब, खोक्यावर प्रकल्पाचं नाव आणि वर्ष लिहून ठेवा. आणि देणगीदाराकडून प्रकल्प समाप्तीचं पत्र मागून घ्या. ते कोणी आपणहून देत नाही. ते हातात येईपर्यंत प्रकल्पाचं बँक खातं बंद करू नका.